पुदुक्कोट्टईची सायकल कोणत्या रकान्यात लिहायची?

मोठ्याने वाचताना मिनिटाला ३० शब्द, मनातल्या मनात वाचताना ३५. बघून लिहायचं तर मिनिटाला ७ शब्द, कोणी सांगितलेलं लिहून घ्यायचं तर ५. एक ते शंभर अंक वाचता-लिहिता यावेत, तीन अंकी बेरीज-वजाबाकी आणि दोन अंकी गुणाकार-भागाकार जमावा. ५ मे १९८८ रोजी राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं आणि प्रौढ माणसाला साक्षर कधी म्हणायचं याची ही मापं देशभर लागू झाली. वाचन, लेखन आणि गणित या प्रत्येकात निम्मे गुण आणि एकूण ७० टक्के मिळाले, की शिकणारा पास.

माप नेमकं होतं आणि त्याची गरजही होती. त्याआधीच्या प्रौढ शिक्षणाच्या योजनांमध्ये किती वर्ग उघडले, किती पाट्या-कंदील वाटले हेच मोजलं जायचं. शिकणाऱ्याला शेवटी काय येतं, हे विचारणारं निदान एक माप तरी आता हाताशी आलं.

तरीही नव्वदच्या दशकातल्या साक्षरता मोहिमांचा विषय निघाला की मिनिटाला किती शब्द हे कोणाला आठवत नाही. आठवतात पुदुक्कोट्टईच्या सायकली. या एका जिल्ह्यात ग्रामीण बायका हजारोंच्या संख्येने सायकल शिकल्या, आणि त्या शिकल्या त्या साक्षरता मोहिमेतून. मोहिमेच्या प्रगती-तक्त्यात मात्र सायकलीला रकाना नव्हता. प्रौढ शिक्षणाचा शिकणाऱ्याला नेमका काय उपयोग झाला हे मोजायला बसलं की जी अडचण येते, ती या एका प्रकरणात जवळजवळ पूर्ण सापडते. म्हणून ते जरा सविस्तर पाहू.

पुदुक्कोट्टई तामिळनाडूत आहे, तिरुचिरापल्लीच्या दक्षिणेला. तोंडैमान राजांचं हे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झालं आणि १९७४ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. शेजारी तंजावर. मराठी माणसाला तंजावर म्हटलं की भोसले आठवतात, सरस्वती महाल आठवतो. पण कावेरीचं जे पाणी तंजावरच्या शेतांना मिळालं ते पुदुक्कोट्टईच्या बहुतेक भागापर्यंत पोचलं नाही. तळ्यांच्या भरवशावरची शेती, दगडखाणी आणि नकली हिरे घासण्याचं काम, अशी इथली रोजीरोटी. खाणीत दगड फोडायला आणि खडे घासायला बायका मोठ्या संख्येने असत. गावं एकमेकांपासून लांब, एसटीच्या फेऱ्या मोजक्या. बाईला बाहेर जायचं तर बापाने, भावाने किंवा नवऱ्याने बसथांब्यापर्यंत सोडायचं, नाहीतर चालायचं.

मोहिमेचा नमुना केरळातून आला. एर्नाकुलम जिल्हा ४ फेब्रुवारी १९९० रोजी पूर्ण साक्षर म्हणून जाहीर झाला होता. तिथे विज्ञानप्रसाराचं काम करणाऱ्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे कार्यकर्ते आणि जिल्हा प्रशासन यांनी एकत्र काम केलं होतं. शिकवणारे बिनपगारी स्वयंसेवक, वर्ग कोणाच्या ओट्यावर किंवा देवळात, अभ्यासक्रम सुमारे २०० तासांचा, पुस्तिका तीन, आणि चाचण्या त्या पुस्तिकांमध्येच. तामिळनाडूत या चळवळीचं नाव होतं अरिवोळी इयक्कम, म्हणजे ज्ञानप्रकाशाची चळवळ, आणि तिच्यामागे तामिळनाडू सायन्स फोरमची माणसं होती. पुदुक्कोट्टईत ती १९९१ साली सुरू झाली. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत.

सायकल आली ती अगदी साध्या कारणाने. स्वयंसेवकांत मुली आणि बायका मोठ्या संख्येने होत्या. दुपारी किंवा संध्याकाळी एका गावात वर्ग, मग दुसऱ्या गावात देखरेख, तिसरीकडे पुस्तिका पोचवायच्या. हे चालत कसं होणार? तेव्हा कार्यकर्त्यांना सायकल शिकवावी असं ठरलं. पण चुंकत तेवढ्यावर थांबल्या नाहीत. बायकांना कुठे जाता-येता येत नाही म्हणून त्यांचा धीर खचतो, तेव्हा एकटीने जाता येणं हाच साक्षरतेचा भाग धरायचा, असं त्यांनी ठरवलं. बायकांना सायकलीसाठी कर्ज द्या म्हणून बँकांच्या मागे लागल्या. कार्यकर्त्या शिकल्या, त्यांचं पाहून नवसाक्षर शिकल्या, आणि त्यांचं पाहून ज्यांचा वर्गाशी संबंध नव्हता त्याही.

पत्रकार पी. साईनाथ यांनी हा जिल्हा पुढे काही वर्षांनी फिरून पाहिला. त्यांच्या नोंदींत सायकल शिकलेल्या ग्रामीण स्त्रियांचा आकडा एक लाख आहे. दहा वर्षांखालच्या मुली वगळल्या तर जिल्ह्यातल्या ग्रामीण स्त्रियांपैकी चौथा हिस्सा. त्यांतल्या ७० हजारांहून अधिक जणींनी चारचौघांत स्पर्धा आणि प्रात्यक्षिकांत सायकल चालवून दाखवली. ८ मार्च १९९२ रोजी, महिला दिनी, दीड हजारांहून जास्त जणी हँडलला झेंडे लावून, घंटा वाजवत पुदुक्कोट्टई शहरात शिरल्या. युनिसेफने अरिवोळीच्या कार्यकर्त्यांसाठी ५० मोपेड मंजूर केल्या. किलाकुरिची नावाच्या गावात तर सायकल शिकायला आलेल्या बायका ठेवणीतले कपडे नेसून आल्या होत्या.

लेडीज सायकली पुरत नव्हत्या. मग जेन्ट्स सायकली वापरल्या गेल्या, आणि पुष्कळ जणींना त्याच पसंत पडल्या. कारण दांडा. सीटपासून हँडलपर्यंत जाणाऱ्या त्या दांड्यावर पोर बसवता येतं. पुढे पोर, मागे कॅरिअरला भाजीची पाटी किंवा पाण्याची घागर, आणि साडीचा काचा सावरत चालवणारी बाई. ज्यांना सायकल विकत घेणं परवडत नव्हतं त्या तासावर भाड्याने घ्यायच्या. सुरुवातीला टवाळी झाली, वाईटसाईट बोलणीही ऐकावी लागली. पण जिल्ह्याची मोहीम, जिल्हाधिकाऱ्यांचा पाठिंबा आणि सोबत शे-दोनशे जणी, असं असल्यावर एकेकीला गाठून गप्प करणं अवघड होतं.

आता मोजमापाकडे येऊ.

साक्षरता मिशनने प्रत्यक्ष-उपयोगी साक्षरतेची जी व्याख्या केली होती तिचे चार भाग होते. पहिला, वाचन-लेखन-गणितात स्वतःच्या पायावर उभं राहणं. दुसरा, आपण वंचित का आहोत याची कारणं ओळखणं आणि संघटित होऊन, विकासाच्या कामांत भाग घेऊन परिस्थिती सुधारणं. तिसरा, आर्थिक स्थिती आणि एकूण जगणं सुधारेल अशी कौशल्यं मिळवणं. चौथा, राष्ट्रीय एकात्मता, पर्यावरण, स्त्री-पुरुष समानता, लहान कुटुंब ही मूल्यं. आता चाचणीची मापं पुन्हा वाचा. मिनिटाला ३० शब्द, ७ शब्द, तीन अंकी बेरीज. चारपैकी एकाच भागाची परीक्षा झाली. बाकीचे तीन उद्घाटनाच्या भाषणांत राहिले.

सायकल या व्याख्येत कुठे बसते? दुसऱ्या भागात आणि तिसऱ्यात सरळ बसते, चौथ्यातही ओढून आणावी लागत नाही. म्हणजे पुदुक्कोट्टईने काही अवांतर केलं असं म्हणायला जागा नाही. कागदावरच्या चारही भागांचं काम तिथल्या मोहिमेने केलं, आणि गुण मिळाले एका भागाचे. मोहिमेची फलश्रुती म्हणून दिल्लीला गेला तो साक्षर झालेल्यांचा आकडा. ज्या बाईला पहिल्यांदा कोणाला न विचारता सहा किलोमीटरवर जाता आलं, तिची नोंद झाली असेल तर 'मिनिटाला २६ शब्द, सुधारणा हवी' अशी.

यावर लगेच उत्तर येतं की अशा गोष्टी मोजता येत नाहीत, त्या अनुभवायच्या असतात. हे मला पटत नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे देणारी योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून दाखवलं की माध्यमिक शाळेतल्या मुलींची पटसंख्या त्यामुळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढली, आणि शाळा लांब असलेल्या गावांत परिणाम जास्त झाला. सायकलीचा परिणाम मोजता येतो, चांगला मोजता येतो. फक्त सुरुवातीलाच तसं ठरवावं लागतं.

नमुन्यादाखल एका बाईचा हिशेब मांडू. आकडे माझे आहेत, पुदुक्कोट्टईतले नाहीत. भाजी विकणारी बाई, बाजार सहा किलोमीटरवर, आठवड्यातून तीन वेळा जाते. डोक्यावर पाटी घेऊन चालत सव्वा तास, सायकलवर अर्धा तास. जाऊन-येऊन दीड तास वाचला, आठवड्याला साडेचार तास. या साडेचार तासांची किंमत काय? शेतमजुरीच्या दराने काढली तर एक आकडा येईल. पण ती त्या वेळात आणखी दोन वाड्यांवर भाजी विकत असेल तर वेगळा. आणि ती घरी येऊन नुसती पडून राहत असेल तर? अर्थशास्त्रज्ञ म्हणेल, विश्रांतीचीही किंमत लावता येते. ती बाई म्हणेल, लग्न झाल्यापासून दुपारची आडवी झाले नव्हते. साईनाथ यांनीही वाचलेला वेळ, बसची वाट पाहण्यातून झालेली सुटका, जास्त गावांत विक्री हे सगळं नोंदवलं, आणि शेवटी हेही नोंदवलं की नुसत्या कमाईच्या बाजूने पाहणाऱ्याला यातला स्वाभिमान दिसणारच नाही.

खरा पेच पैशात रूपांतर करण्याचा नाहीच. श्रेय कशाला द्यायचं हा आहे. सायकल चालवायला अक्षरं लागत नाहीत. जी बाई वर्गात 'अ' गिरवायला शिकली आणि त्याच महिन्यात सायकलही शिकली, तिच्या आयुष्यात जे बदललं ते अक्षराने की सायकलीने? मोहिमेचे कौतुक करणारे दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतात. शंका घेणारे म्हणतात, मग सरळ सायकलीच वाटा, प्राइमर, म्हणजे वर्गातल्या पुस्तिका, कशाला छापता?

माझं मत असं की सायकल वर्गामुळे शक्य झाली आणि वर्ग सायकलीमुळे टिकला. वर्गाने तीन गोष्टी दिल्या ज्या सायकलच्या दुकानात मिळत नाहीत: घराबाहेर पडायला घरच्यांना सांगता येईल असं कारण, ठरलेल्या वेळी एकत्र जमणाऱ्या बायका, आणि सरकारी मोहिमेचं पाठबळ. एकटी बाई सायकल घेऊन निघाली असती तर गावाने तिला तिसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. उलट बाजूने, प्रौढांच्या वर्गाची जुनी दुखणी आपल्याला माहीत आहेत. पहिले पंधरा दिवस गर्दी, सुगी आली की निम्म्या जणी गायब, आणि गिरवून गिरवून कंटाळा. सायकल शिकायची म्हणून आलेली बाई पुस्तिकेच्या पुढच्या धड्यापर्यंत पोचली असणार. हा माझा तर्क आहे. तो तपासायचा तर ज्या गावांत सायकल आधी पोचली आणि ज्यांत उशिरा, तिथली हजेरी शेजारी ठेवून पाहायला हवी होती.

दगडखाणींची गोष्ट या पेचात आणखी भर घालते. याच काळात याच जिल्ह्यात सरकारी खाणींचे पट्टे ठेकेदारांऐवजी तिथेच दगड फोडणाऱ्या बायकांच्या गटांना देण्यात आले. साक्षरता मोहिमेत जमलेल्या बायका, आणि त्याच जिल्हाधिकारी. कालपर्यंत मुकादम सांगेल तो हिशेब मुकाट मान्य करणाऱ्या बाईला आता ट्रकची खेप मोजायची होती, चलन समजून घ्यायचं होतं, गटाच्या पैशांची वही ठेवायची होती. इथे अक्षर आणि अंक यांचा उपयोग थेट होता. तीन अंकी बेरीज ही चाचणीतली बाब राहिली नव्हती, संध्याकाळच्या मजुरीची झाली होती. तरी कमाई वाढली ती अंक येतात म्हणून की पट्टा हातात आला म्हणून? पट्टा सरकारने दिला, तो मुदतीचा असतो, आणि अधिकारी बदलला की धोरणही बदलू शकतं. अंक तिचे तिच्याकडे राहतात. पण पट्टा नसता तर त्या अंकांनी ती कोणाचा हिशेब तपासणार होती?

प्रौढ शिक्षणाचा उपयोग मोजणारे बहुतेक जण इथे अडखळतात. शाळकरी मुलाच्या शिक्षणाचा उपयोग पुढच्या नोकरीत दिसेल असं धरून चालता येतं. चाळिशीच्या बाईचं शिक्षण तिच्या आजच्या आयुष्यात ज्या फटी आहेत त्यांतूनच उपयोगी पडतं. फट नसेल तर शिकलेलं पडून राहतं आणि विसरतं.

विसरण्याबद्दल थोडं. नव्वदच्या दशकातल्या मोहिमांवर सगळ्यात जास्त टीका झाली ती यावरून. अरुण घोष यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञगटाने १९९४ साली देशभरातल्या मोहिमांचा आढावा घेतला, तेव्हा खालून वर जाणाऱ्या आकड्यांचा भरवसा आणि नवसाक्षरांचं कच्चं राहिलेलं अक्षरज्ञान हे दोन्ही प्रश्न पुढे आले. चाचणी मोहिमेच्या शेवटी, उत्साह शिगेला असताना होते. वर्षाने त्याच बाईसमोर तोच उतारा ठेवला तर काय होईल, याचा विचार मूळ मापात नव्हता. अफ्रिकेतल्या नायजर देशात २००९ पासून ११३ गावांत एक प्रयोग झाला. काही प्रौढ वर्गांत नेहमीच्या शिकवण्याबरोबर साधा मोबाइल वापरायला शिकवलं, बाकीच्यांत नुसता वर्ग. मोबाइलवाल्यांचे गुण जास्त आले, आणि वर्ग बंद होऊन सात महिने झाल्यावरही गणितात ते पुढेच राहिले. कारण समजायला अवघड नाही: नंबर लावायचा, पैसे मोजायचे, छोटा निरोप लिहायचा, हे रोज होत होतं. पुदुक्कोट्टईत सायकलीने अक्षरांसाठी असं काही केलं का? थोडं केलं असेल. सायकलवरून जाणाऱ्या बाईला गावाच्या नावाचा फलक, बसची पाटी, बाजारातल्या भावाची पाटी वाचायची संधी जास्त मिळते. पण सायकल मुळात वाचायला लावणारं साधन नाही, आणि पुदुक्कोट्टईच्या भक्तांनी हे मान्य करायला हरकत नाही.

शिकणाऱ्याच्या उपयोगाबद्दल बोलताना घरातल्या मुलांचा उल्लेख हमखास येतो. आई शिकली तर घर शिकतं, हे वाक्य भिंतीभिंतीवर रंगवलेलं आहे. ते किती खरं आहे हे 'प्रथम' संस्थेच्या वर्गांवर बिहार आणि राजस्थानातल्या गावांत तपासलं गेलं. काही ठिकाणी आयांना साक्षरता वर्ग, काही ठिकाणी मुलाचा अभ्यास घरी कसा घ्यावा याचं मार्गदर्शन, काही ठिकाणी दोन्ही. मुलांच्या गणितात तिन्ही प्रकारांनी फरक पडला, पण माफक. आयांच्या स्वतःच्या भाषा-गणितात वाढ झाली, आणि मुलांच्या शिक्षणात त्या जास्त लक्ष घालू लागल्या. माफक या शब्दाने निराश व्हायचं कारण नाही. पण मला यात वेगळंच खुपतं: बाईच्या शिक्षणाची किंमत तिच्या मुलाच्या गुणपत्रिकेवर काढायची सवय. पुदुक्कोट्टईच्या बायकांना सायकल हवी होती ती आधी स्वतःसाठी. पोर दांड्यावर बसलं, ते सोबत.

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा याच कारणासाठी मला महत्त्वाची वाटते. ८ मार्च २०१६ रोजी जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ती सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या, गुलाबी नऊवारीचा गणवेश, दुपारचे दोन तास. बातम्यांनी गणवेश उचलला. पण आज्यांनी स्वतः काय मागितलं होतं? आपल्याला पोथी वाचता यावी, बँकेत अंगठ्याऐवजी सही करता यावी. सत्तरीच्या बाईला कमाईचा फायदा विचारणं निरर्थक आहे. तिचं माप तिने स्वतः सांगितलंय, आणि ते तपासायला सोपं आहे: पोथीचा एक अध्याय पुढे ठेवा.

सध्या आपल्याकडे २०२२ ते २०२७ या काळासाठी उल्लास नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. पंधरा वर्षांवरच्या असाक्षरांची नोंदणी, स्वयंसेवकांकडून शिकवणी, आणि शेवटी १५० गुणांची पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान चाचणी. वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०; प्रत्येकात ३३ टक्के हवेत. महाराष्ट्रात पहिली चाचणी १७ मार्च २०२४ रोजी झाली. जे पास होत नाहीत त्यांच्यापुढे 'नापास' लिहीत नाहीत, 'सुधारणा आवश्यक' लिहितात. हे चांगलं केलंय. अभ्यासक्रमात आर्थिक साक्षरता, डिजिटल साक्षरता, कायद्याची माहिती ही जीवनकौशल्यंही धरली आहेत. म्हणजे व्याख्या पुन्हा रुंद आहे, आणि चाचणी पुन्हा तीन भागांचीच. १९८८ आणि २०२२ यांत एवढं साम्य असावं याचं आश्चर्य वाटतं, पण कारण उघड आहे. पेपर तपासता येतो, एका दिवसात उरकतो आणि संध्याकाळपर्यंत पोर्टलवर भरता येतो.

चाचणीच्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेत बसून पाहिलं तर बरंच काही दिसतं. पहिलीच्या बुटक्या बाकांवर गुडघे आखडून बसलेल्या बायका, शेजारी नातू, चष्मा घरी विसरलेला. पेपर हातात आल्यावर पहिला अर्धा तास नाव लिहिण्यात जातो. एकीने नाव लिहिलं, मान तिरकी करून पाहिलं, आणि त्याखाली पुन्हा एकदा लिहिलं. पर्यवेक्षक म्हणाले, "मावशी, एकदाच लिहायचंय." ती म्हणाली, "असू दे की गुरुजी, बरं आलंय." त्या दुसऱ्या नावाला गुण नाहीत.

मग करायचं काय? चाचणी बंद करा असं मी म्हणणार नाही. मूळ माप हवंच, नाहीतर वर्ग भरले, फोटो निघाले आणि कोणाला काही आलं नाही, हे पुन्हा व्हायला वेळ लागणार नाही. पण पुदुक्कोट्टईवरून निदान हे शिकता येतं की चाचणीसोबत आणखी एक पान लागतं, आणि ते वर्गाच्या पहिल्या आठवड्यात भरावं लागतं. त्या पानावर शिकणाऱ्याने सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी असाव्यात: आज जमत नाही, पण जमायला हवं असं काय? रेशन दुकानातली पावती वाचायची. मुलीला फोन लावायचा. बचत गटाच्या वहीत आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते कळायला हवं. दवाखान्यात कोणत्या दारावर जायचं ते न विचारता कळायला हवं.

विचारण्याची पद्धतही बदलावी लागते. 'वर्गाचा फायदा झाला का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "झाला की गुरुजी, खूप झाला." समोर शिकवणारा, बाजूला ग्रामसेवक, आणि चहा झालेला, दुसरं कोण काय म्हणणार? त्याऐवजी 'मागच्या बाजाराला कशाने गेला होतात? सोबत कोण होतं?' असं विचारावं. 'गॅसची टाकी कोणी नोंदवली?' 'गटाच्या शेवटच्या बैठकीत वही कोणी वाचली?' मागच्या आठवड्यातली ठरावीक घटना विचारली की माणूस सौजन्याने नव्हे, आठवून उत्तर देतो. पुदुक्कोट्टईत यांतले बाजाराबद्दलचे पहिले दोन प्रश्न १९९१ च्या सुरुवातीला आणि १९९३ च्या शेवटी, थोड्याच गावांत विचारले असते, तरी आज आपण अंदाजांवर वाद घालत बसलो नसतो.

आणि ज्या वर्ग सोडून गेल्या त्यांना शोधून विचारायला हवं. ही सगळ्यांत टाळली जाणारी बाब. शेवटपर्यंत टिकलेल्या बायकांनाच उपयोग विचारला तर उपयोग जास्तच दिसणार. टिकल्या त्याच मुळी उपयोग दिसला म्हणून. ज्यांनी तिसऱ्या आठवड्यात यायचं थांबवलं त्यांना अक्षर नको होतं, की वेळ चुकीची होती, की नवऱ्याने अडवलं, की डोळ्यांना दिसत नव्हतं? चष्म्याचं उत्तर आलं तर पुढच्या वर्षी प्राइमरआधी डोळे तपासणीचं शिबिर घ्यावं लागेल, आणि त्याचा खर्च वर्गाच्या खर्चात धरावा लागेल.

अडचण आहे ती हे पान भरणार कोण याची. उल्लासचा स्वयंसेवक कित्येकदा आठवी-नववीतली मुलगी असते. ती आपल्याच आजीला किंवा शेजारच्या काकूला शिकवते. वर्षाने ती दहावीत असते, तिला फुरसत नसते. शिक्षकांच्या माथी आधीच सर्वेक्षणांचा ढीग आहे, आणि आणखी एक पोर्टल म्हटलं की ते पान घरी बसूनच भरलं जाईल. माझ्या मते हे काम प्रत्येक तालुक्यात मोजक्याच गावांत, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शिकणाऱ्यांपुरतं करावं, आणि ते शिकवणाऱ्याने करू नये. जवळच्या महाविद्यालयातल्या समाजकार्याच्या किंवा राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना पहिल्या आठवड्यात एकदा आणि वर्षानंतर एकदा त्याच घरी पाठवावं. जाताना त्यांच्या हातात पहिलं पान असावं, म्हणजे बाईने स्वतः जे मागितलं होतं तेच विचारता येईल.